बारा व्होल्टचा उजेड

संगणकातल्या पंख्याला दिवे लावण्याच्या खटाटोपाचा इतिहास लिहितो आहे म्हटले, की आमच्याकडे लोक हसतात. कऱ्हाटीत इतिहास म्हणजे मोरोपंतांचा वाडा, फार तर निरा डावा कालवा. पण ज्या वस्तूंची नोंद कोणी ठेवत नाही त्याच आधी भंगारात जातात, म्हणून हा विषय घेतला.

इंदापुरातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात, जुन्या सामानाच्या खोक्यात, मला असा एक पंखा मिळाला. ८० मिलिमीटरचा, काळा, साधा. चौकटीच्या चार कोपऱ्यांत तापल्या सळईने पाडलेली चार भोके, त्यांत चार निळे एलईडी, कडेने फिरवलेली बारीक वायर आणि दोन रजिस्टन्स. त्यांच्यावरचे पट्टे नारिंगी, नारिंगी, तपकिरी. म्हणजे ३३० ओहम. हा आकडा उगाच आलेला नाही. पंख्याला १२ व्होल्ट मिळतात. निळा एलईडी साधारण ३.२ व्होल्ट घेतो. दोन एकामागे एक जोडले की ६.४. उरलेले ५.६ व्होल्ट कुठेतरी जिरवावे लागतात, नाहीतर दिवा जळतो. ३३० ओहममधून मग सुमारे १७ मिलिअँपिअर वाहतात, आणि असल्या एलईडीला २० पर्यंत सहज सोसते. शाळेत ओहमचा नियम आपण सगळेच पाठ करतो. इथे तो कोणीतरी वापरला होता.

१९८१ साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला तेव्हा त्यात पंखा होता तो फक्त वीजपुरवठ्याच्या डब्यात. प्रोसेसरच्या डोक्यावर पंखा बसू लागला तो ४८६ आणि पेंटियमच्या काळात. पुढे १९९८ मध्ये ॲपलने पारदर्शक, रंगीत प्लॅस्टिकचा आयमॅक काढला आणि संगणकाचे पोट बघण्याजोगे असते हे लोकांच्या ध्यानात आले. हौशी मंडळी पत्र्याचे डबे कापून ॲक्रिलिकच्या खिडक्या बसवू लागली. खिडकी आली की आत उजेड हवा.

तो उजेड निळाच का, याचे उत्तर मात्र बरेच मागे जाते. १९०७ मध्ये मार्कोनी कंपनीच्या हेन्री राउंड यांना कार्बोरंडमच्या खड्यातून वीज सोडताना प्रकाश दिसला. रशियात ओलेग लोसेव यांनी १९२०च्या दशकात त्याचा चिकाटीने अभ्यास केला. १९४२ मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात ते उपासमारीने गेले. निक होलोन्याक यांचा लाल एलईडी १९६२ चा. झगझगीत निळ्यासाठी आणखी ३० वर्षे लागली. जपानमधल्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी तो १९९३ मध्ये साधला, आणि आकासाकी व अमानो यांच्यासह त्यांना २०१४ चे नोबेल मिळाले. नव्या शतकाच्या तोंडावर निळा हा सर्वांत नवा रंग होता. लाल दिवा टीव्हीवरही असे; निळा असणे ही मिजास होती.

आमच्याकडे मात्र तो संगणकातून आला नाही, असे माझे मत आहे. २००५ नंतरची भारनियमनाची वर्षे आठवा. रात्रीचे दंड, शेतातली पाळी, आणि हातात चिनी एलईडी बॅटरी. तिचा पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळाच, वर पिवळ्या फॉस्फरचा लेप दिलेला. बॅटरीची चार्जिंग मेली तरी दिवे शाबूत राहत. एमएस-सीआयटीच्या वर्गाला जाणाऱ्या पोरांच्या घरात हे दिवे आधीच पडलेले होते. रंगीत हवे असतील तर पुण्याची तपकीर गल्ली होती.

या हौसेत एक खोट आहे, तीही सांगितली पाहिजे. पंख्याच्याच वायरीवर जोडलेले दिवे व्होल्टेज सांगतात, वारा नाही. आमच्या पर्जन्यछायेच्या मुलखात धूळ अशी, की ती पात्यांवर बसता बसता पंखा थांबतो. दिवे मात्र तसेच पेटलेले. खिडकीतून सगळे सुशोभित दिसते आणि आत प्रोसेसर भाजतो. उलट आवाज कमी करायला पंखा ७ व्होल्टवर चालवला, तर तो निमूट फिरत राहतो आणि दिवे जवळजवळ विझतात: दोन निळ्यांचे ६.४ वजा जाता उरतेच किती?

पुढे दिवे बसवलेले पंखे तयार मिळू लागले आणि सळई तापवण्याची गरज संपली. हिशेब मात्र संपला नाही, तो पट्टीत गेला. भवानीनगरच्या कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरांवर रात्री ज्या एलईडी पट्ट्या झगमगतात, त्याही १२ व्होल्टच्याच. पूर्वी उसाच्या बैलगाडीखाली कंदील लोंबे, मागच्याला गाडी दिसावी म्हणून. या पट्ट्या दिसण्यासाठीच आहेत. दुकानदार त्या मीटरवर विकतो आणि कात्रीने खुणेवर कापतो. खूण दर तीन दिव्यांनी असते, कारण तीन दिवे ९.६ व्होल्ट घेतात आणि उरलेल्या २.४ साठी मध्ये एक बारका रजिस्टन्स बसवलेला असतो. पण चालू ट्रॅक्टरची बॅटरी १२ वर थांबत नाही, १४ पर्यंत जाते. म्हणजे रजिस्टन्सवर २.४ ऐवजी ४.४ व्होल्ट पडतात आणि प्रवाह दुपटीच्या जवळ पोचतो. हंगाम संपेपर्यंत पट्टीत तीन-तीन दिव्यांचे काळे तुकडे दिसू लागतात, ते यामुळे. पोरे म्हणतात, माल डुप्लिकेट आहे.