जळगाव-धुळे : आठवीनंतर पटावरून गळालेली मुलं निरीक्षणगृहापर्यंत कशी पोहोचतात?

चोरी किंवा हाणामारीत अल्पवयीन मुलगा सापडला की बातमीत 'विधी संघर्षग्रस्त बालक' असा शब्द येतो. बाल न्याय कायदा, २०१५ नुसार त्याला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. निरीक्षणगृह, तेही गरज असेल तरच.

'घरदार नाही म्हणून बिघडला' हा समज आकडेवारीत टिकत नाही. देशात पकडलेली बहुतेक मुलं आईवडिलांसोबत राहणारी असतात. तीन चतुर्थांशांहून अधिक १६ ते १८ वयाची. शिक्षण हक्क कायदा मात्र १४ व्या वर्षीच हात सोडतो.

खान्देशात यात स्थलांतराची भर पडते. दिवाळी झाली की चाळीसगाव, साक्री भागातली कुटुंबं ऊसतोडीला निघतात. लहानग्यांसाठी हंगामी वसतिगृह, शिक्षण हमी कार्ड अशा सोयी कागदावर तरी आहेत. नववीतल्या पोराच्या हाती थेट कोयता येतो. परतल्यावर वर्ग पुढे गेलेला असतो, मग दिवस चौकात जातो. अशी सगळीच मुलं गुन्ह्याकडे वळत नाहीत, पण कुणाचं लक्ष नसलेला काळ इथूनच सुरू होतो.

तो आधी दिसतो हजेरीपटावर. सलग गैरहजेरी दिसताच शिक्षकांनी घर गाठणं, मागे पडलेल्याला वेगळं शिकवणं, एवढंही पुष्कळ. 'दाखला घेऊन जा' हे शाळेला सोपं पडतं, मुलाला महागात. मंडळाकडून परतलेल्या मुलाला जुन्या प्रकरणावरून प्रवेश नाकारणं कायद्यात बसत नाही. शाळा सुटून वर्षं झाली असतील, तर १७ नंबर फॉर्म भरून दहावीला बसता येतं.