अश्वशक्ती आणि चंदी



स्मरणिकेसाठी "काहीतरी इतिहासावर लिहा" असा निरोप मंडळाकडून आला तेव्हा मी जरा बिचकलो. मी काही इतिहासकार नाही. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि पहिली बरीच वर्षे डिझेल इंजिनांच्या तेलकट सहवासात काढली. एकदा शेडमध्ये चहाच्या वेळी एका पंजाबी सहकाऱ्याने विचारले, "हे इंजिन २६०० अश्वशक्तीचे म्हणता, पण खऱ्या घोड्याची शक्ती किती?" जेम्स वॅटचे गणित, मिनिटाला ३३,००० फूट-पौंड, मी पाठ म्हणून दाखवले. पण मनात उत्तर आले ते माझ्या आजोबांचे. मिरज स्टेशनाबाहेर त्यांचा टांगा असे. ते म्हणाले असते, "घोड्याची शक्ती इचारू नको. काल काय खाल्लं त्ये इचार."

त्या प्रश्नाच्या मागे लागून गेली काही वर्षे जे वाचले, ते येथे मांडतो आहे. आपण राहतो अंबाल्याला आणि दिल्लीला जाता-येता पानिपत लागते, म्हणून हा विषय आपल्याला फार लांबचा नाही.

घोड्याची 'टाकी'

आधी थोडे यंत्रशास्त्र. घोडा गाई-बैलांसारखा रवंथ करीत नाही. त्याचे जठर शरीराच्या मानाने अगदी लहान, जेमतेम दहा-पंधरा लिटरचे, आणि त्याला ओकता येत नाही. म्हणजे टाकी लहान आणि उलटा व्हॉल्व्ह पक्का बंद! गवत-कडब्याची वैरण पचते ती पुढे मोठ्या आतड्यात. तेथे सूक्ष्म जीव ती आंबवतात आणि त्यातून संथ, तासन्‌तास पुरणारी ऊर्जा मिळते. आंबवताना उष्णताही निर्माण होते, म्हणून थंडीत वैरण ही घोड्याची शेगडीच असते. शिवाय ओल्या वैरणीत पाण्याचा साठाही राहतो.

दाण्याचे तसे नाही. जव, मका यांतला पिष्टमय भाग लहान आतड्यात पचून साखर झटकन रक्तात उतरते. घोडा तरतरीत होतो, पण काम नसेल तर तीच तरतरी बुजण्यात, लाथा झाडण्यात आणि लगाम न मानण्यात बाहेर पडते. दाणा प्रमाणाबाहेर झाला तर न पचलेला भाग मोठ्या आतड्यात उतरतो, तेथे आम्ल तयार होते, पोटशूळ उठतो आणि खुरांच्या आत दाह होऊन घोडा कायमचा लंगडा होऊ शकतो. सर्व दाणे सारखे नसतात. ओटमध्ये कोंडा जास्त, म्हणून तो त्यातल्या त्यात सौम्य. मक्यात पिष्ट भरपूर, त्यामुळे तेच माप मक्याचे भरले तर फार जड पडते. आपल्याकडचा हरभरा आणि कुळीथ, म्हणजे हुलगा, ही कडधान्ये. त्यांत प्रथिने जास्त आणि पिष्ट मक्याहून कमी. अलीकडच्या प्रयोगांत असेही दिसले आहे की तेवढीच ऊर्जा दाण्याऐवजी तेल आणि तंतुमय खाद्यातून दिली, तर घोडे कमी बुजतात.

हे वाचताना मला आपल्या पूर्वजांचे कौतुक वाटले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात घोड्याच्या प्रतीप्रमाणे शिधा ठरवला आहे: भिजवलेले किंवा शिजवलेले धान्य, तेल, मीठ, दही. ऐन-इ-अकबरीत अबुल फजलने बादशाही तबेल्याचा हिशेब दिला आहे. त्यात ऋतूप्रमाणे दाणा बदलतो आणि खास घोड्यांना साखर व तूपही मिळते. सगळेच आजच्या शास्त्राला पटेल असे नाही, पण दाणा भिजवून द्यावा, ऋतू पाहून द्यावा आणि जोडीला स्निग्ध पदार्थ असावा, हे अनुभवाने आलेले शहाणपण होते.

महाराजांचे पत्र

मराठीत घोड्याच्या दाण्याला 'चंदी' हा खास शब्द आहे. पागा, तोबरा, खरारा, मोतद्दार हे सगळे शब्द त्याच घरातले. मराठ्यांचे घोडे म्हणजे भीमथडीची तट्टे, भीमेच्या खोऱ्यात वाढलेली, अंगाने लहान आणि काटक. जनावर लहान असले की नुसते जगण्यासाठी लागणारे खाणेही कमी. मोठ्या इराणी-तुर्की घोड्यापुढे हे तट्टू देखणे दिसत नसेल, पण मिळेल त्या गवतावर भागवून ते घाट चढत असे.

सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्कराची व्यवस्था आली आहे. पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पावसाळ्यात लष्कर छावणीला परत यायचे आणि तेथे दाणा, वैरण, औषधे आधीच साठवलेली असायची. आमच्या भाषेत बोलायचे तर पाणी, सुटे भाग, इंधन आणि मेंटेनन्सचा काळ, सगळे वेळापत्रकात बसवलेले होते.

याचा कळस म्हणजे राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणकडील छावणीतल्या अंमलदारांना महाराजांनी लिहिलेले पत्र. त्याचा आशय असा: पागेसाठी मिळेल तेथून दाणा-वैरण जमवून ठेवली आहे. ती आताच मनमानी उधळाल तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल, कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, आणि रयतेला वाटेल की यापेक्षा मोगल बरे. शेवटी आगीचा इशारा आहे. दिवा जळता ठेवला आणि उंदराने पेटती वात ओढून नेली, तर गवताच्या गंजी भस्म होतील. (आपल्या बाप्पांच्या वाहनाची क्षमा मागूनच हे लिहितो!)

तोबरा रिकामा झाला की घोडा मरतो, स्वार पायी होतो, रयत नागवली जाते आणि राज्याची पत जाते. ही सगळी साखळी महाराजांनी एका पत्रात दाखवली आहे. मी नोकरीत साठ्याच्या व्यवस्थेबद्दलची बरीच परिपत्रके वाचली. इतके स्पष्ट एकही नव्हते.

पालखेड आणि पानिपत

पुढे १७२८ मध्ये पालखेडला थोरल्या बाजीरावांनी निजामाला कोंडीत पकडले, ते पाणी आणि रसद तोडून. स्वतःच्या फौजेबरोबर जड सामान नव्हते. घोड्यावरून जाताजाता बाजीराव शेतातली कणसे चोळून दाणे खात, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, हिशेब मात्र खरा आहे. फेब्रुवारीत दख्खनेत रब्बीची ज्वारी उभी असते. त्याच ताटाचा दाणा स्वाराला आणि कडबा घोड्याला! चालत्या फौजेला रोज नवे शेत मिळते.

पानिपतावर फौज थांबली. भाऊसाहेबांनी ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुरा घेतला तेव्हा धान्याचा मोठा साठा हाती आला होता. पण अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि दिल्लीकडची वाट अडली. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत दोन्ही फौजा समोरासमोर बसून राहिल्या. अब्दालीला नजीबखानाच्या मुलखातून, दुआबातून रसद येत होती. ती तोडण्याच्या कामावर असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. मराठ्यांच्या छावणीत लढवय्यांखेरीज बायका-मुले, यात्रेकरू, बाजारबुणगे असा प्रचंड जमाव होता.

मी एकदा गाडीत बसल्या बसल्या कागदावर हिशेब मांडला. समजा, घोडी चाळीस हजार. तीनशे किलोच्या तट्टाला वजनाच्या दोन टक्के म्हणजे रोज सहा किलो खाणे धरले, तर दिवसाला २४० टन होतात. पंचाहत्तर दिवसांचे १८,००० टन. आजच्या बंद वाघिणींची मालगाडी सुमारे २,४०० टन माल नेते, म्हणजे नुसत्या वजनाने सात-आठ गाड्या. वैरण फुगीर असल्याने जागा याच्या कितीतरी पट लागेल. त्या काळी हे सारे बैलगाडीने आणायचे. अर्ध्या टनाची गाडी धरली तरी रोज ४८० गाड्या, आणि त्या बैलांनाही खायला हवेच! यात हत्ती आणि ओझ्याची जनावरे धरलेलीच नाहीत. आकडा थोडा इकडेतिकडे झाला तरी निष्कर्ष बदलत नाही. एका जागी कोंडलेली अशी फौज आसपासच्या गावांवर जगू शकत नाही.

आणि ऋतू कोणता? पौषातली थंडी. या भागातली ती थंडी आपण दर वर्षी अंगावर घेतो. शेतात गहू-हरभरा नुकता वर येत असलेला, खरिपाचा चारा संपलेला. वैरण नाही म्हणजे पोटातली शेगडी विझलेली. अशी जनावरे दावी चघळतात, लाकूड कुरतडतात, माती चाटतात. छावणीत घोडी-बैल भुकेने मरत होते, माणसांची उपासमार चालली होती, आणि शेवटी उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू असे ठरले. त्या दिवशी सकाळी मराठ्यांनी जो मारा केला तो शौर्याचा होता यात शंका नाही. पण दिवसभर दौड करायला जी शक्ती हवी, ती आधीच्या दोन महिन्यांत घोड्यांच्या अंगातून निघून गेली होती. पानिपताची कारणे अनेक आहेत, जाणकारांनी ती लिहिली आहेत. त्या यादीत रिकामा तोबराही ठळकपणे असावा, एवढेच माझे म्हणणे.

माझी चूक

उपासमारीची बाजू झाली. दुसरी बाजू मला वाचून कळलेली नाही.

मी नऊ वर्षांचा असेन. आजोबा तापाने झोपले होते आणि टांगा तीन दिवस बंद होता. त्यांचा नियम होता: आधी पाणी, मग वैरण, मग चंदी, आणि विश्रांतीच्या दिवशी चंदी निम्मी. ते म्हणत, "चंदी पायात उतरली पाहिजे, डोक्यात चढता नये." आपल्याकडे कोडेच आहे ना, घोडा का अडला, भाकरी का करपली? फिरवली नाही म्हणून! पण राजा नावाचा तो घोडा माझ्याकडे बघून फुरफुरायचा आणि मला त्याची दया आली. पोत्यातला कोरडा हरभरा मी ओंजळीने त्याला चारला, दोन दिवस, चोरून.

तिसऱ्या रात्री राजा पाय आपटू लागला, वळून पोटाकडे बघू लागला, घामाने भिजला आणि लोळू लागला. आजोबा अंगात ताप असताना उठले आणि पहाटेपर्यंत त्याला धरून चालवत राहिले. सकाळी जनावरांच्या डॉक्टरांनी नळी घालून उपचार केले. राजा वाचला, पण खुरे तापली आणि तो पुढच्या पायांनी लंगडा झाला. टांग्याला पुन्हा जुंपता आला नाही. आजोबांनी मला मारले नाही. फक्त म्हणाले, "पोरा, घोडं उपाशी मेलं तर जगाला दिसतं. लाडानं गेलं तर आपल्यालाच ठावं." राजाला त्यांनी विकले नाही. दुसरा घोडा घ्यायला पैसे नव्हते. टांगा विकला गेला.

आज इंधनाचे माप तपासताना, कमी आणि जास्त दोन्ही वाईट हे मला कोणी शिकवावे लागत नाही.

समारोप

शेवटी एक आनंदाची गोष्ट. भीमथडी घोड्याला अलीकडेच स्वतंत्र देशी जात म्हणून मान्यता मिळाली. अशी नोंद करणारी राष्ट्रीय संस्था आहे कर्नालला, म्हणजे आपल्याच लाइनीवर, पानिपताच्या पुढे. कुंजपुराही तेथून जवळच. ज्या मुलखात भीमथडीची तट्टे दाणा-वैरणीवाचून गेली, त्याच मुलखात त्यांचे नाव आता सन्मानाने नोंदले गेले आहे.

पुढच्या वेळी गाडी पानिपतावर थांबली की भाऊसाहेबांबरोबर, विश्वासरावांबरोबर त्या मुक्या जनावरांनाही एक नमस्कार करावा, ही विनंती. सर्वांचा तोबरा भरलेला राहो आणि चंदी पायात उतरो, हीच श्रीचरणी प्रार्थना!

गणपती बाप्पा मोरया!