नजरबाज जहाज : कागदावरची एक क्रूझर

आज आपण एक जहाज बांधणार आहोत. अर्थात कागदावर. साल १९०२. आपण इंग्लंडमधले जहाजरचनाकार आहोत असं धरून चला, आणि ब्रिटिश नौदलाने मागणी केली आहे ‘स्काउट क्रूझर’ची. स्काउट म्हणजे आपल्या जुन्या मराठीतला नजरबाज. मुख्य आरमाराच्या पुढे जायचं, शत्रू कुठे आहे, किती आहे, कुठल्या दिशेने निघालाय ते बघायचं आणि कळवायचं.

तत्त्वज्ञानाचा मास्तर आरमारात कशाला शिरला, असं काहींच्या मनात आलं असेल. तर एखादी वस्तू ‘कशासाठी’ आहे हा ॲरिस्टॉटलचा प्रश्न आम्ही जन्मभर वर्गात टेबल-खुर्चीवर भागवला. इथे त्याचं उत्तर टनांमध्ये द्यावं लागतं, आणि ते चुकलं तर माणसं बुडतात.

नौदलाने मोजक्याच अटी घातल्या होत्या. वेग २५ नॉट, यंत्रांवर चिलखती डेक, २,००० सागरी मैलांचा पल्ला, आणि बारा पौंडी हलक्या तोफा. बाकी रचना कंपन्यांवर सोडली. आर्मस्ट्राँग, फेअरफील्ड, लेअर्ड आणि व्हिकर्स या चौघांनी प्रत्येकी दोन अशी आठ जहाजं बांधली. २५ नॉट म्हणजे ताशी ४६ किलोमीटर. आपली एसटी याहून जोरात जाते म्हणून हसू नका, पाणी म्हणजे डांबरी रस्ता नव्हे.

पाण्यातला हिशेब असा आहे. वेग वाढवायचा तर लागणारी ताकद ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २० नॉटवरून २५ वर जायचं, म्हणजे वेग सव्वापट. पण ताकद जवळजवळ दुप्पट. मग बॉयलर वाढतात, इंजिन वाढतं, आणि ती आग पेटती ठेवायला कोळसा टाकणारी माणसंही वाढतात. जहाज मात्र तीन हजार टनांच्या आतच ठेवायचंय. उरलेल्या जागेत तोफा किती बसणार आणि कोळसा किती मावणार? शेवटचे दोन-तीन नॉट फार महाग पडतात बघा. बारा पौंडी तोफ म्हणजे साडेपाच किलोच्या आसपासचा गोळा. छोट्या टॉर्पेडो बोटीला तो पुरेसा, पण समोर दुसरी क्रूझर आली तर पळायचंच. १९११-१२ मध्ये या तोफा काढून चार इंची बसवाव्या लागल्या, यातच काय ते आलं.

मग २५ नॉट हवेत कशाला? एक कारण खरं होतं. या जहाजांनी विनाशिकांच्या तांड्याचं नेतृत्वही करावं अशी अपेक्षा होती, आणि त्या काळच्या नव्या विनाशिका २५ नॉटच्या पुढे जात. म्हणजे एका नोकराला दोन मालक. दुसरं कारण, माझ्या मते, असं की वेग मोजता येतो. चाचणीच्या दिवशी शांत समुद्रात घड्याळ लावून आकडा मिळतो. ‘तीन दिवस खराब हवेत तिथेच टिकून राहिलं’ याचा आकडा कोण लावणार?

आणि नजरबाजाचं काम तर टिकून राहण्याचंच. २७ मे १९०५ च्या पहाटे त्सुशिमाजवळ रशियन आरमार पहिल्यांदा कुणी हेरलं? शिनानो मारू नावाच्या जपानी बोटीने. मूळची साधी व्यापारी बोट, युद्धासाठी नौदलाने घेतलेली. तिने बिनतारी संदेशाने खबर दिली. पुढे पाठलागावर राहिली ती इझुमी, १८८३ साली पाण्यात उतरलेली म्हातारी क्रूझर. दोघींनाही २५ नॉटची गरज पडली नाही. गरज पडली ती बघण्याची, चिकटून राहण्याची आणि सांगण्याची.

म्हणून माझं कागदावरचं जहाज २३ नॉटचं. एवढ्याने ताकदीची गरज पाचव्या हिश्शाहून जास्त उतरते. वाचलेल्या वजनात कोळसा आणि पहिल्यापासून चार इंची तोफा. उंच डोलकाठी, दमदार बिनतारी यंत्र. टर्बाइन घालू का? मोह होतो. पण ॲमेथिस्ट या टर्बाइनवाल्या क्रूझरच्या १९०४ च्या चाचण्यांत दिसलं की जोरात जाताना टर्बाइन कोळसा वाचवतं आणि १४ नॉटच्या खाली जुन्या इंजिनापेक्षा जास्त खातं. टेहळणीचा बहुतेक वेळ तर हळूच जायचं असतं! तेव्हा दट्ट्यांचं जुनं इंजिनच. विनाशिकांचं काय म्हणाल, तर त्यांना दुसरा पुढारी शोधा.

आता त्या आठांपैकी एकीचं सांगतो. पाथफाइंडर. ५ सप्टेंबर १९१४, स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ, सेंट ॲब्स हेडच्या बाजूला ती गस्तीवर होती. २५ नॉटसाठी बांधलेली ही क्रूझर त्या दुपारी कोळशाच्या टंचाईपायी जेमतेम ५ नॉटने चालली होती. जर्मन पाणबुडी यू-२१ ने टॉर्पेडो सोडला, दारूगोळ्याचं कोठार उडालं, आणि काही मिनिटांत जहाज गेलं. अडीचशेहून जास्त माणसं मेली. पाणबुडीने स्वयंचलित टॉर्पेडोने बुडवलेलं हे पहिलंच जहाज. माझं २३ नॉटवालं तिथे असतं तर वाचलं असतं का? तोही कोळसा एक दिवस संपलाच असता. पण त्या दुपारी निदान झिगझॅग पळण्यापुरती वाफ असती, असं मला वाटतं.

तोवर ‘बघण्या’चं काम हळूहळू दुसरीकडे सरकायला लागलंच होतं. अमेरिकनांनीही तीन स्काउट क्रूझर बांधल्या होत्या, २४ नॉटच्या. त्यातल्या बर्मिंगहॅमच्या नाळेवर लाकडी फळ्यांचा उतार ठोकला, आणि १४ नोव्हेंबर १९१० रोजी व्हर्जिनियात हॅम्प्टन रोड्सला युजीन एली तिथून विमान घेऊन उडाला. जहाजावरून विमान उडण्याची ही पहिलीच वेळ. उतार संपताच विमान खाली झुकलं, चाकं पाण्याला लागली, एलीच्या चष्म्यावर खारं पाणी उडालं. तरी तो वर चढला आणि जवळच्या वाळूच्या किनाऱ्यावर सुखरूप उतरला.

इथे थांबू. प्रश्न घेऊ या.