आवळा श्रेष्ठ की कोथिंबीर? अर्धे फळ, एक वेढा आणि पोषणाची कोष्टके

१/१५
आवळ्यात क जीवनसत्त्व अधिक की कोथिंबिरीत? प्रश्न स्वयंपाकघरातला वाटतो आणि त्याचे उत्तर एका आकड्यात देता येईल असेही वाटते. पण हा आकडा माणसाच्या हाती येईपर्यंत हजारो सैनिकांच्या हिरड्यांतून रक्त वाहिले होते. त्यांत मराठी सैनिकही होते. या धाग्यात त्या आकड्याचा इतिहास पाहू.

२/१५
प्रारंभ एका आख्यायिकेने. ‘अशोकावदान’ या बौद्ध संस्कृत ग्रंथात सम्राट अशोकाच्या अखेरच्या दिवसांचे वर्णन आहे. अमात्यांनी कोषागार बंद केले. राजाने जेवणाची सोन्याचांदीची पात्रेही दान करून टाकली. शेवटी हातात उरला अर्धा आवळा, आणि तोही त्याने पाटलिपुत्राच्या कुक्कुटाराम विहाराला पाठवला. भिक्षूंनी तो वाटून सारात मिसळला, म्हणजे प्रत्येकाला त्याचा अंश मिळाला. सातव्या शतकात आलेल्या ह्युएनत्संगाने याच कथेशी जोडलेल्या आमलक स्तूपाची नोंद केली आहे.

३/१५
कथेतला अर्धा आवळा दारिद्र्याचे प्रतीक आहे. तरीही भारतीय परंपरेत या फळाचे स्थान फार वरचे. चरकसंहितेतील च्यवनप्राशाच्या पाठात पाचशे आवळे आहेत. नागर शैलीच्या मंदिरशिखरावरील कंगोरेदार चकतीला ‘आमलक’च म्हणतात. अगदी स्पष्ट दिसणाऱ्या गोष्टीसाठी ‘हस्तामलकवत्’ असा शब्द रूढ झाला.

४/१५
कोथिंबिरीची वंशावळही लहान नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीत ‘कुस्तुम्बुरु’ हा शब्द आहे. तुतनखामेनच्या थडग्यात धने सापडले. ग्रीसमधील मायसीनी काळाच्या मातीच्या पाट्यांवरही त्यांची नोंद आहे. मात्र या जुन्या पुराव्यांत बहुतेक ठिकाणी आढळतात ते धने. ते टिकतात, साठवता येतात, व्यापारात फिरतात. हिरवा पाला दोन दिवसांत मलूल होतो आणि मागे पुरावा ठेवत नाही. टिकणे आणि न टिकणे हा फरक लक्षात ठेवावा. पुढे त्यावरच बरेच काही अवलंबून आहे.

५/१५
आता १९१५ सालचा डिसेंबर. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, टायग्रिसच्या वळणावरील कुत-अल-अमारा या गावात जनरल टाउनशेंडची सहावी पुणे डिव्हिजन उस्मानी सैन्याच्या वेढ्यात सापडली. या डिव्हिजनमध्ये १०३वी आणि ११०वी मराठा लाइट इन्फन्ट्री तसेच ११७वी मराठा या पलटणी होत्या. वेढा १४७ दिवस चालला. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसांनी शरणागती पत्करली.

६/१५
या वेढ्यात एकाच छावणीत दोन वेगळे आजार पसरले. ब्रिटिश सैनिकांना बेरीबेरी झाली आणि भारतीय सैनिकांना स्कर्व्ही. जागा तीच, उपासमार तीच. फरक होता तो ताटात.

७/१५
ब्रिटिशांच्या शिध्यात पांढरे पीठ होते. दळताना कोंडा आणि अंकुर निघून गेल्याने त्यातले ब१ जीवनसत्त्वही गेले होते. भारतीयांच्या आट्यात ते शिल्लक होते, म्हणून ते बेरीबेरीतून वाचले. उलट, तट्टे आणि घोडे मारून ताजे मांस देण्याची वेळ आली तेव्हा ब्रिटिशांनी ते खाल्ले. त्यातून मिळणारे क जीवनसत्त्व थोडे असले तरी स्कर्व्ही दूर ठेवण्यास उपयोगी ठरले. बहुसंख्य भारतीय सैनिकांनी घोड्याचे मांस नाकारले. धर्मगुरूंच्या परवानग्या मागवण्यात आल्या, तरीही गावी परतल्यावर जातभाई काय म्हणतील, ही धास्ती अनेकांना होती. खुद्द ब्रिटिशांचा शिधा पुढे जव आणि आट्यावर आला, तेव्हा त्यांची बेरीबेरी ओसरू लागली.

८/१५
भारतीय सैनिकाच्या ताटात आटा, डाळ आणि तूप उरले. या तिन्हींत क जीवनसत्त्व जवळजवळ नाही. जुनी जखम पुन्हा उघडते, हिरड्या सुजतात, सांधे दुखतात, माणूस अंथरुणाला खिळतो. ही स्कर्व्हीची लक्षणे. वेढ्यातले सैनिक अखेरीस गवत आणि रानपाला खुडून शिजवू लागले. मेजवानीत शोभेसाठी भुरभुरला जाणारा मूठभर हिरवा पाला येथे जगण्याचे साधन ठरला.

९/१५
स्कर्व्हीवर उपाय ठाऊक नव्हता असे नाही. १७४७ साली ‘सॅलिसबरी’ जहाजावर जेम्स लिंडने बारा रुग्णांच्या सहा जोड्या करून वेगवेगळे उपचार दिले. संत्री आणि लिंबू मिळालेली जोडी सर्वांत लवकर सुधारली. १७९५ पासून ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस सर्रास मिळू लागला. पण एकोणिसाव्या शतकात भूमध्य प्रदेशातल्या मोठ्या लिंबाऐवजी वेस्ट इंडीजमधील लहान, आंबट लिंबाचा रस आला. मराठीत दोन्ही लिंबेच. पुढे लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की लहान लिंबाच्या रसाची स्कर्व्हीरोधक शक्ती मोठ्या लिंबाच्या मानाने साधारण चौथा हिस्साच होती. आंबटपणा म्हणजेच औषध, हा समज चुकीचा निघाला.

१०/१५
मेसोपोटेमियातील भारतीय सैन्यासाठी चिक यांच्या गटाने चिंच, आमचूर आणि कोकणाला जवळचे असलेले आमसूलही गिनीपिगांवर तपासले. टिकाऊ आणि आंबट, म्हणून लष्कराला सोयीचे. पण या सुकवलेल्या फळांची शक्ती ताज्या भाज्या किंवा लिंबाच्या रसापुढे तोकडी पडली. खरा मार्ग निघाला तो मोड आलेल्या कडधान्यांत. कोरड्या दाण्यात नसलेले क जीवनसत्त्व अंकुर फुटताना तयार होते. अट एकच: दाणा अख्खा हवा. फोडलेल्या डाळीला मोड येत नाहीत. उसळ घरोघरी होणाऱ्या मुलखातल्या सैनिकांना लष्कर मात्र डाळ पुरवत होते.

११/१५
तेव्हा ‘व्हिटॅमिन’ हा शब्द जेमतेम चार वर्षांचा होता. काझिमीर फुंक यांनी तो १९१२ मध्ये सुचवला. क जीवनसत्त्व म्हणजे नेमका कोणता पदार्थ, हे १९३२ च्या सुमारास सेंट-ग्योर्गी आणि चार्ल्स किंग यांच्या कामातून स्पष्ट झाले. आता गिनीपिगाऐवजी परीक्षानळीत मोजणी करता येऊ लागली. निलगिरीतल्या कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९१८ मध्ये सुरू केलेल्या संशोधनातून मोठी प्रयोगशाळा उभी राहिली होती. तिचे संचालक वॉलेस एक्रॉयड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका प्रसिद्ध केली. हीच संस्था पुढे हैदराबादला गेली आणि राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली.

१२/१५
या परंपरेतील १९७१ च्या कोष्टकात आपले दोन्ही उमेदवार आहेत. आकडे १०० ग्रॅममागे:
आवळा: क जीवनसत्त्व ६०० मिलिग्रॅम, कॅरोटीन ९ मायक्रोग्रॅम, कॅल्शियम ५० मिलिग्रॅम.
कोथिंबीर: क जीवनसत्त्व १३५ मिलिग्रॅम, कॅरोटीन ६,९१८ मायक्रोग्रॅम, कॅल्शियम १८४ मिलिग्रॅम.
क जीवनसत्त्वात आवळा चौपटीहून पुढे. पण शरीर ज्यापासून अ जीवनसत्त्व बनवते त्या कॅरोटीनमध्ये कोथिंबीर शेकडो पटींनी पुढे. अ जीवनसत्त्वाच्या अभावाने असंख्य भारतीय मुलांची दृष्टी गेली. त्याविरुद्ध १९७० मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू करावा लागला. कुतच्या छावणीत आवळा श्रेष्ठ ठरला असता. पण अंधत्वाच्या उंबरठ्यावरील मुलासाठी उत्तर हिरव्या पाल्यात होते.

१३/१५
येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक सावधगिरी बाळगावी. कोष्टक हेही एक साधन आहे आणि साधनाची चिकित्सा करावी लागते. आवळ्याची जुनी मोजणी करणारी पद्धत क जीवनसत्त्वासोबत इतर काही द्रव्येही मोजत असे. २०१७ च्या भारतीय कोष्टकात आवळ्याचा आकडा २५० च्या आसपास आहे. कोथिंबिरीतील लोह एकेकाळी १८.५ मिलिग्रॅम छापले जाई. सुधारित आवृत्तीत ते १.४२ झाले. फळ बदलले नाही, पालाही बदलला नाही. मोजणारे हात आणि उपकरणे बदलली.

१४/१५
शिवाय कोणी १०० ग्रॅम कोथिंबीर एका बैठकीत खात नाही. आमटीवर पडते ती फार तर पाच ग्रॅम. जुन्या, उदार आकड्यानेही त्यातून सुमारे ७ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळेल, आणि उकळत्या आमटीत घातल्यास त्याहूनही कमी. आवळ्याची दुसरी शक्ती त्याच्या टिकाऊपणात आहे. सुकवल्यावरही त्याच्यात बरेच क जीवनसत्त्व उरते. म्हणूनच १९३९-४० च्या हिस्सारच्या दुष्काळात स्कर्व्हीवर आवळा वापरला गेला आणि दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैनिकांसाठी आवळ्याच्या गोळ्या आल्या. आमचूर आणि आमसूल जेथे कमी पडले होते, तेथे आवळा उपयोगी ठरला. कोथिंबिरीचे सामर्थ्य वेगळे: ती परसात, कुंडीत, काही आठवड्यांत उगवते आणि गरिबाच्या ताटात रोज थोडी थोडी येऊ शकते.

१५/१५
आता अशोकाच्या अर्ध्या आवळ्याकडे परत येऊ. मध्यम फळाच्या अर्ध्या भागात साधारण १५ ग्रॅम गर धरला, तर २०१७ च्या कमी आकड्यानेही सुमारे ३७ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधील शेफील्ड येथे स्वयंसेवकांवर झालेल्या प्रयोगात दिवसाला १० मिलिग्रॅम मात्रा स्कर्व्ही बरी करण्यास आणि टाळण्यास पुरेशी ठरली. म्हणजे ज्या अर्ध्या फळाला कथाकाराने निर्धनतेची खूण मानले, ते कुतमधल्या एका सैनिकाला तीन दिवस पुरले असते. पुढच्या जेवणात कोशिंबिरीवर कोथिंबीर पडेल आणि शेजारी आवळ्याचे लोणचे असेल, तेव्हा त्यांतले श्रेष्ठ कोण हे ठरवण्याची गरज नाही. कुतच्या ताटात यांपैकी एकही नव्हते, एवढे स्मरण पुरे.