बॉबिनची कुळकथा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत बॉबिनसारख्या क्षुल्लक वस्तूवर लेख असावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु नोकरीनिमित्त प्रांतोप्रांती फिरलेल्या आपल्या कुटुंबांत माहेरहून आलेले शिवणयंत्र ही केवळ वस्तू नसते. मुलांची झबली, दिवाळीचे परकर-पोलके आणि प्रसंगी संसाराला हातभार लावणारी चार पैशांची मिळकत त्याच्यावरच झालेली असते. असे धडधाकट यंत्र योग्य बॉबिनअभावी अडगळीत पडावे, ही खेदाची गोष्ट होय. ही अडचण का येते, याचे उत्तर इतिहासात सापडते.

अमेरिकेत इलियस हाऊ याने १८४६ मध्ये ज्या शिवणयंत्राचे पेटंट घेतले, त्यात वरचा दोरा सुईत आणि खालचा दोरा मागावरील धोट्यासारख्या शटलमध्ये असे. पुढे अशा धावत्या शटलमध्ये मावणारी बॉबिन साहजिकच लांबट व बारीक झाली. १८५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ॲलन विल्सन याने निराळा मार्ग काढला. त्याचा फिरता हूक वरच्या दोऱ्याचा फास धरून तो चपट्या, वाटोळ्या बॉबिनभोवती फिरवीत असे. अशा रीतीने बॉबिनची दोन घराणी निर्माण झाली.

सिंगर कंपनीने ही दोन्ही घराणी नांदवली. तिच्या २७ व २८ क्रमांकांच्या यंत्रांत लांबट बॉबिन गोळीच्या आकाराच्या शटलमध्ये बसते. १५ क्रमांकाच्या यंत्राची बॉबिन वाटोळी असून तिच्या दोन्ही चकत्या सपाट असतात. ती धातूच्या केसमध्ये घालून मग यंत्रात बसवतात. विसाव्या शतकाच्या आरंभी आलेल्या ६६ क्रमांकाच्या यंत्रात बॉबिन वरून आडवी ठेवतात आणि तिच्या चकत्या किंचित फुगीर असतात. या दोन वाटोळ्या बॉबिनींचा व्यास जवळजवळ सारखा, सुमारे २० मिलिमीटर, असल्याने दुकानात गल्लत होते. पण ६६ मध्ये सपाट बॉबिन घातली, तर दोऱ्याचा ताण बिघडतो आणि टीप नीट पडत नाही.

आज सपाट बॉबिन सर्वत्र मिळते, याचे कारण अनुकरणात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखानदारांनी १५ क्रमांकाचा नमुना प्रमाण मानून त्याच मापाची यंत्रे जगभर पाठवली. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीही १९२४ मध्ये सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद मानले होते. पुढे कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ यंत्रे देशभर पोहोचवली. तिची काळी, सरळ टिपेची घरगुती यंत्रे प्रामुख्याने याच १५ क्रमांकाच्या धर्तीची होती. लुधियान्यातही शिवणयंत्रे व त्यांचे सुटे भाग बनवण्याचा उद्योग वाढला.

म्हणून जुने यंत्र भंगारात देण्यापूर्वी त्याचे कूळ ओळखावे. बॉबिन लांबट आहे की वाटोळी, वाटोळी असल्यास चकती सपाट आहे की फुगीर, हे आधी पाहावे आणि खरेदीला जाताना जुनी बॉबिन नमुन्यादाखल जवळ ठेवावी. सपाट बॉबिन कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळेल. फुगीर व लांबट बॉबिनींसाठी जुन्या यंत्रांची दुरुस्ती करणारा कारागीर गाठावा लागेल. पण एवढ्या खटपटीने आईचे किंवा आजीचे यंत्र पुन्हा चालू लागत असेल, तर ती अवश्य करावी.