दारातून दिसणारं तळं

साल १९१०, महिना जुलै. बर्लिनच्या नैर्ऋत्येला, वान्झे तळ्याच्या पश्चिम काठावर तुम्ही एका फाटकासमोर उभे आहात. तळं म्हणायचं एवढंच. खरं तर हाफेल नदीच इथे पोट सुटल्यासारखी ऐसपैस पसरली आहे. वस्ती बड्या लोकांची: बँकवाले, कारखानदार. उन्हाळा काढायला त्यांनी काठाकाठानं बंगले बांधलेत आणि वसाहतीचं नाव आहे कोलोनी आल्झेन. येताना ते बंगले पाहिलेतच तुम्ही. कुणाला बुरूज, कुणाला मनोरा, आणि बागेत उगीचच वळणं घेत फिरणाऱ्या वाटा.

या फाटकाच्या आत तसलं काही नाही. पाऊल टाकलंत की दोन्ही हातांना वाफे, आणि वाफ्यांत कोबी. परसदारी लावायची भाजी या गृहस्थानं थेट दारासमोर लावली आहे. रांगा मात्र शिस्तीत, आणि वाटेच्या कडेनं खेड्यातल्या अंगणात असतात तशी उंच, कशीही वाढणारी फुलझाडं. वाट नाकासमोर सरळ घराकडे जाते. दार उघडं असेल तर नजर तिथे अडत नाही. दालनातून आरपार निघते, पलीकडच्या दारातून बाहेर पडते आणि हिरवळीवरून पाण्यावर जाते. रस्त्यावर उभं राहून, घराच्या आतून, तळं दिसतं.

ही करामत आल्फ्रेड लिश्टवार्क यांची. हे हांबुर्गच्या कलासंग्रहालयाचे संचालक, पण बागेच्या बाबतीत त्यांची मतं एखाद्या प्रचारकासारखी ठाम. नागमोडी वाटा, परदेशी सूचिपर्णी झाडं, खोटे डोंगर हे सगळं त्यांना ढोंग वाटायचं. बाग म्हणजे घराच्याच उघड्यावरच्या खोल्या, आणि त्या सरळ रेषेत आखाव्यात, हा त्यांचा आग्रह. घरमालकाला ते पटलं. वास्तुकार पाउल ओटो बाउमगार्टन यांनी हांबुर्गकडच्या जुन्या ग्रामीण वाड्यांवरून घराचा साचा घेतला, आल्बर्ट ब्रोडर्सन यांनी बाग प्रत्यक्ष लावली, आणि लिश्टवार्क पत्रांतून सूचना धाडत राहिले.

घरमालक म्हणजे चित्रकार माक्स लीबरमान. या महिन्याच्या २० तारखेला ते ६३ वर्षांचे होतील. बर्लिनमधल्या श्रीमंत ज्यू कारखानदाराच्या घरात जन्मले. ब्रांडेनबुर्ग गेटला खेटून असलेलं पारिझर प्लात्सवरचं घर त्यांना वडिलांकडून आलं. हे तळ्याकाठचं मात्र कुंचल्याच्या कमाईतून उभं राहिलंय, आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. जागा गेल्या वर्षी घेतली, काठावरच्या शेवटच्या मोकळ्या तुकड्यांपैकी. या उन्हाळ्यात पत्नी मार्था आणि मुलगी केटे यांना घेऊन ते राहायला आलेत. गमतीनं या घराला ते तळ्याकाठचा राजवाडा म्हणतात. राजवाडे पाहिलेल्या माणसाला हे घर साधंच वाटेल.

घराला वळसा घालून मागे या. गच्ची, तिच्याखाली फुलांचे ताटवे, मग लांबलचक हिरवळ, हिरवळीच्या टोकाला छोटं चहाघर आणि बोटीचा धक्का. एका बाजूला बर्चची वाट. इथे जरा थांबा, कारण ही वाट पाहण्यासारखी आहे. बाग आखताना इथे बर्चची झाडं आधीच उभी होती. वाट सरळ न्यायची तर झाडं तोडायला हवी होती. ती तोडली नाहीत. वाट सरळच नेली आणि झाडं वाटेतच ठेवली. त्यामुळे चालताना मधूनच एक पांढरं खोड तुमच्यासमोर येतं, तुम्ही त्याला वाट देता आणि पुढे जाता. सालीचे पापुद्रे सुटलेत, काळ्या चिरा पडल्यात, बुंध्याशी गवत. सरळपणाचा एवढा आग्रह धरणाऱ्या बागेत हा अडथळा कुणीतरी विचार करून मान्य केला आहे.

आणि वाटेच्या कडेला तो बघा, डोक्यावर पनामा हॅट, अंगात पूर्ण सूट, पुढे कॅनव्हास. ऊन पानांतून गळून वाळूच्या वाटेवर पडतंय आणि लीबरमान ते गळणारं ऊनच रंगवताहेत. जवळ गेलात तर जिरेनियमची फुलं नाहीतच. नुसते तांबडे गोळे, सुरीनं थापलेले, वर आलेले. चार पावलं मागे सरकलात की फुलं. या बागेची दोनशेहून जास्त तैलचित्रं ते आयुष्यात करणार आहेत. तीच गच्ची, तीच बर्च, तोच कोबी. कुणाला हे म्हातारपणाचं आळशी काम वाटेल. मला वाटत नाही. एकच जागा पुन्हा पुन्हा पाहणाऱ्या माणसाला तिथलं सगळं दिसून संपलं, असं कधी वाटत नसावं.

पण त्यांना देवपण देऊ नका. १९१४ च्या ऑक्टोबरात जर्मन विद्वान-कलावंतांचा एक जाहीरनामा निघाला. जर्मन लष्कराची बाजू घेऊन ९३ नामवंतांनी त्यावर सह्या केल्या, आणि त्यात लीबरमान यांचीही सही आहे. त्यांच्या बागेच्या चित्रांत युद्ध कुठे शोधू नका, सापडणार नाही.

तुम्ही धक्क्यावरून परत फिरता आणि दहाएक वर्षं निघून गेलेली असतात. लिश्टवार्क १९१४ च्या सुरुवातीलाच गेले. हिरवळीवर एक लहान मुलगी दायीबरोबर खेळतेय: नात मारिया, १९१७ चा जन्म. आजोबा आता तिलाही रंगवतात. पलीकडच्या काठावर १९०७ पासून लोकांसाठी खुला असलेला पोहण्याचा किनारा आहे. कारकून आणि कामगार रविवारी पोराबाळांसह तिथे येतात. बंगलेवाल्यांच्या निवांतपणात त्या गर्दीचा आवाज पाण्यावरून येऊन मिसळतो.

१९२७ मध्ये लीबरमान ८० वर्षांचे झाले. बर्लिननं त्यांना मानद नागरिक केलं. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग त्यांच्यासमोर चित्रासाठी बसले. १९२० पासून ते प्रशियाच्या कला अकादमीचे अध्यक्ष. बारा वर्षं ते पद त्यांच्याकडे राहिलं. त्या काळात एखाद्या चित्रकाराला जर्मनीत यापेक्षा जास्त काही मिळणं शक्य नव्हतं. आणि सहा वर्षांत यातलं काहीच उरलं नाही.

३० जानेवारी १९३३. आज तळ्याकाठी काही नाही, त्यामुळे शहरात चला. पारिझर प्लात्सवरच्या खिडकीतून लीबरमान खाली पाहताहेत. हिटलर चान्सेलर झाल्याच्या आनंदात मशाली घेतलेले लोक ब्रांडेनबुर्ग गेटमधून जाताहेत. तेव्हा त्यांनी अस्सल बर्लिनी बोलीत काढलेले उद्गार प्रसिद्ध आहेत. मथितार्थ असा, की इतकी किळस येते आहे की तेवढं ओकायला पुरेल एवढं खाताही येणार नाही. मे महिन्यात त्यांनी अकादमीचा राजीनामा दिला. ८ फेब्रुवारी १९३५ ला ते गेले. अंत्ययात्रेला अकादमीनं कुणी अधिकृत माणूस पाठवला नाही. चित्रकार केटे कोलविट्झ मात्र आल्या होत्या.

आता १९४०. तुम्ही पुन्हा फाटकाशी आहात आणि तुमच्या समोर मार्था लीबरमान आहेत, ८२ वर्षांच्या. मुलगी, जावई कुर्ट रीत्सलर आणि नात १९३८ मध्ये अमेरिकेला गेलेत. मार्था मागे राहिल्या. त्यांच्या हातात खरेदीखत आहे आणि घेणारं आहे जर्मन टपाल खातं. विकायचं की नाही, हा प्रश्नच कुणी विचारलेला नाही. किंमत ठरली, पण ती रक्कम गोठवलेल्या खात्यात. मार्थांना तिला हात लावता येत नाही. घरात आता टपाल खात्याच्या बायकांचं प्रशिक्षण चालणार. ज्या सरळ वाटेनं तीस वर्षांपूर्वी तुम्ही आत आलात, त्याच वाटेनं त्या बाहेर पडतात.

इथून पुढचं समजायला काठाकाठानं थोडं चालावं लागेल, फार नाही. १९१४-१५ मध्ये याच बाउमगार्टन यांनी एका औषध-उद्योजकासाठी बांधलेला एक भव्य बंगला आहे. त्याचा ताबा आता नाझींच्या एसएसकडे, पाहुण्यांच्या विश्रामगृहासाठी. २० जानेवारी १९४२ ला तिथे पंधरा माणसं जमली. एसएसचे हायड्रिश यांनी बैठक चालवली, त्यांच्या हाताखालच्या आइशमान यांनी इतिवृत्त तयार केलं. साधारण दीड तासात युरोपातल्या ज्यूंना ठार मारण्याच्या कामाची सरकारी खात्यांमधली वाटणी ठरली. त्या इतिवृत्तात म्हाताऱ्यांची वेगळी सोय नमूद आहे: ६५ वर्षांवरच्या ज्यूंना टेरेझिनश्टाट इथल्या वृद्धांच्या घेटोत पाठवायचं.

मार्थांना परदेशी नेण्याचे प्रयत्न स्वीडन आणि स्वित्झर्लंडमधल्या ओळखीच्यांनी केले. सरकारनं त्यांना सोडण्यासाठी पैसे मागितले, आणि वेळ निघून गेली. मार्च १९४३ मध्ये त्यांना हुकूम आला. ठिकाण: टेरेझिनश्टाट. वय ८५. पोलीस न्यायला येण्याआधी त्यांनी झोपेच्या गोळ्या घेतल्या आणि १० मार्चला ज्यू रुग्णालयात त्यांचा अंत झाला. एकाच वास्तुकाराची दोन घरं, एकाच काठावर. एका घरात जे कागदावर आलं, ते दुसऱ्या घराच्या मालकिणीला नाव घालून पोहोचलं.

पुढची साठ वर्षं भराभर पार करू. युद्धानंतर घराचं रुग्णालय झालं. १९५१ मध्ये मालमत्ता कायद्यानं केटेंना परत मिळाली. १९५८ मध्ये वारसांनी ती बर्लिन राज्याला विकली. रुग्णालय गेलं, आणि सत्तरीच्या सुरुवातीला घर भाड्यानं घेतलं कुणी, तर पाणबुड्यांच्या क्लबनं. ज्यांच्या खोल्या, त्यांची नावनिशाणी नाही, आणि दारात हवेच्या नळकांड्या! तळ्याकाठच्या घराचा हा उपयोग ऐकायला विचित्र, पण रीतसर होता, आणि क्लबनं तीस वर्षं तिथे आनंदानं काढली. त्यांच्यावर राग धरता येत नाही. १९९५ मध्ये लीबरमान यांच्या नावाची संस्था स्थापन झाली. तिनं घर मिळवण्यासाठी खटपट केली, क्लबला दुसरी जागा मिळाली, २००२ मध्ये ताबा हाती आला, आणि ३० एप्रिल २००६ ला संग्रहालय उघडलं.

आता आजच्या तारखेला आत या. घरात जुनं सामानसुमान नाही. ते सगळं गेलं. चित्रकाराची खुर्ची, त्याचा पलंग असलं काही दाखवण्याचा इथे हट्टही नाही, हे मला आवडतं. वर चित्रशाळेत भिंतीवर बागेची चित्रं, आणि खिडकीतून तीच बाग. लॉजियाच्या, म्हणजे एका बाजूनं उघड्या ओसरीच्या, भिंतींवर १९११ मध्ये लीबरमान यांनी स्वतः रंगवलेली चित्रं रंगाच्या थरांखालून पुन्हा उघडी केली आहेत.

खरी गोष्ट बाहेर आहे. युद्ध, रुग्णालय आणि क्लब यांत बागेचा आराखडा पुसून गेला होता. तो परत कशावरून काढायचा? लिश्टवार्क यांच्याशी झालेला पत्रव्यवहार होता, फोटो होते आणि दोनशे चित्रं होती. कोणत्या वाफ्यात काय, हिरवळ कुठे संपते, कुंपणाची कमान कुठे उघडते, हे चित्रांवरून ताडून पाहिलं. चित्रकार मनाजोगतं हलवतो, लांबीरुंदी बदलतो, रंग वाढवतो, म्हणजे हा साक्षीदार थोडा बोलघेवडाच. पण दुसरा कुठून आणणार? बर्च पुन्हा लावले, वाटेच्या मध्येच. मेंदीसारख्या कातरलेल्या हिरव्या भिंतींच्या तीन खोल्या परत उभ्या राहिल्या: पहिली लिंडनच्या चौकोनाची, दुसरी लंबगोल, तिसरी गुलाबांची. कोबीही दर मोसमात लावतात. पुष्कळशी उठाठेव स्वयंसेवकांच्या हातांवर चालते. आजची बाग चित्रांतल्यापेक्षा थोडी जास्त विंचरलेली वाटते, हे खरं. पण वाफ्यात गुडघे टेकून तण काढणारं माणूस दिसलं, की ती तक्रार तोंडातच राहते.

जायचं असेल तर एक सुचवेन. वान्झे स्टेशनहून ११४ नंबरची बस पहिल्यांदा लीबरमान यांच्या घरापाशी थांबते, मग त्या दुसऱ्या घरापाशी, जिथे १९९२ पासून स्मारक आणि प्रदर्शन आहे. तुम्ही क्रम उलटा करा. आधी पुढच्या थांब्यावर उतरा, ते इतिवृत्त वाचा, त्यातलं ६५ वर्षांचं कलम शोधा, आणि मग रस्त्यानं चालत मागे कोबीच्या वाफ्यांकडे या. फक्त मंगळवार टाळा. त्या दिवशी चित्रकाराचं घर बंद असतं.