विषाद
विषाद : दीर्घकाळ टिकणारी, माणसाला आतून खचवणारी खिन्नता. वैद्यकात अवसाद किंवा नैराश्य, बोलण्यात ‘डिप्रेशन’. रुग्ण यांतला एकही शब्द सहसा वापरत नाही. ‘करमत नाही’, ‘अंगात त्राण नाही’ एवढेच सांगतो.

गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नाव अर्जुनविषादयोग. तेथे अर्जुनाचे युक्तिवाद नंतर येतात, आधी शरीर बोलते : गात्रे गळतात, तोंडाला कोरड पडते, धनुष्य हातातून निसटते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे (१८९५–१९८२) यांनी अठरा रविवार गीतेवर प्रवचने दिली. अर्जुनाची व्यथा त्यांच्या मते भित्रेपणातून आलेली नव्हती, अहिंसेतूनही नव्हती. ती स्वजनांच्या मोहातून आली. अनेकांना फाशी सुनावलेल्या न्यायाधीशापुढे स्वतःचा मुलगा उभा राहतो, तेव्हा त्याला ती शिक्षाच अमानुष वाटू लागते, हा त्यांचा दृष्टान्त.

अर्जुनापुरते हे निदान नेमके आहे. घरातल्या आजारी माणसाला ते लावू नये. अवसादात उलट ओढच आटते. जेवण, काम, लेकरू, कशातच जीव रमत नाही. अशी अवस्था जवळजवळ रोज, किमान दोन आठवडे राहिली आणि झोप, भूक, एकाग्रता बिघडली, तर डॉक्टर या आजाराचा विचार करतात. ‘मनावर घेऊ नकोस’ हे सांगणे तेथे पोचत नाही. विषाद रोग वाढवतो हे चरकसंहितेनेही ठासून सांगितले आहे. समुपदेशनाचा व औषधांचा उपयोग होतो. औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात, ती मनानेच बंद करू नयेत. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे.

विनोबांची ती प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली. ११ जून १९५० रोजी गुरुजींनी स्वतःचे जीवन संपवले. त्यांच्या मनाला आज रोगाचे नाव चिकटवणे अन्यायाचे होईल. पण अठराही अध्याय स्वतःच्या लेखणीने उतरवलेला माणूस खचतो, तेव्हा खचलेल्याला श्रद्धा कमी पडली असे कोणी म्हणू नये.

मराठी साहित्याने या दुःखाचे कारण शोधण्याचा हट्ट धरलेला नाही. बालकवींच्या (१८९०–१९१८) उदासीनतेवरील कवितेत ती कोठून येते हेच कवीला उमगत नाही. राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळवलेल्या ‘कासव’ या चित्रपटात कोकणच्या किनाऱ्यावर जानकी एका खचलेल्या तरुणाला आसरा देते. त्याला खोदून काही विचारत नाही.